हसण्याआधीचा शब्द

माझा धाकटा भाऊ हणमंत गेल्याचे मला पोस्टमनने कळवले. तो आणि मी एकाच छपराखाली, एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो, आणि तरीही ते पोस्टमनने कळवावे लागले, ही वस्तुस्थिती मी सर्वांआधी नोंदवून ठेवतो. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास उंब्रजमधील आमच्या दाराशी तो सायकल टेकवून उभा राहिला. त्याच्या हातात मीच हणमंतास पाठवलेले रजिस्टर पत्र होते. "आण्णा, फौजी दार उघडंनात," तो म्हणाला. "चार हाका मारल्या. आत टीव्ही चालू दिसतोय, पण आवाज न्हाई." मी त्याला सांगितले की नोटीस टाळण्याची ही जुनी क्लृप्ती आहे, त्याने पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते मला परत करावे. त्याने शेरा मारला नाही. पाकीट पिशवीत ठेवले आणि म्हणाला, "पयल्या चार रजिस्टरांवर त्यांनी गप सही केल्याली हाय. नकार त्यांनी कवाच दिला न्हाई, आण्णा. चला, मागच्या दारानं बघू."

मागचे दार नुसते लोटलेले होते. हणमंत टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसला होता, मान वळवून, उजवा कान पडद्याकडे करून. मांडीवर वही होती, पेन्सिल खाली घरंगळली होती. पडद्यावर एक चित्र थिजलेले होते आणि त्यावर रोमन अक्षरांत एक ओळ. ती इंग्रजी नव्हती, त्यामुळे मला तिचा अर्थ लागला नाही. डॉक्टर आले, त्यांनी पाहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन दिवस झाले असावेत. मंगळवारची सकाळ. त्रास झालेला दिसत नाही." मंगळवारची सकाळ... त्या मंगळवारी सकाळी मी काय करत होतो ते या लेखात यथाक्रम येईल.

दिवंगताविषयी लिहिताना आपले त्याच्याशी अत्यंत जिव्हाळ्याचे संबंध होते असे लिहिण्याचा प्रघात आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत असे लेख मी वर्षानुवर्षे वाचत आलो आणि त्यांतील खोटेपणाबद्दल संपादकांना दोनदा पत्रेही लिहिली. म्हणून मी तसे लिहिणार नाही. मी पस्तीस वर्षे साताऱ्यास न्यायालयात लिपिक होतो. साक्षीदार शपथेवर खोटे कसे बोलतो ते मी रोज ऐकले आहे. येथे मला कुणी शपथ घातलेली नाही, एवढाच फरक.

हणमंत माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे त्याचे पालकत्व माझ्याकडे आले आणि ते मी शाळा-तपासनिसासारखे पार पाडले. अठराव्या वर्षी तो तोफखान्यात भरती झाला. पहिल्या पोस्टिंगवरून त्याची पत्रे येऊ लागली, निळ्या अंतर्देशीय पत्रावर, किरट्या अक्षरांत, जसे बोलावे तसे लिहिलेली. 'दादा, हितं थंडी लय हाय. तुमची आठवन येती.' मी ती पत्रे वाचून, लाल शाईने दुरुस्त करून, त्यालाच परत पाठवत असे. 'हितं' खाली रेघ, वर 'येथे'. 'येती' खाली रेघ, वर 'येते'. समासात सूचना. हे मी त्याच्या भल्यासाठी करत होतो यात मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. बर्फात उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला भावाकडून आलेले पाकीट उघडल्यावर आपलेच पत्र लाल होऊन परत आलेले दिसत होते. सात-आठ पत्रांनंतर ती थांबली. त्यानंतर त्याने मला आयुष्यात एक अक्षर लिहिले नाही, आणि मी त्याला सांगत आलो की जे काही म्हणणे असेल ते लेखी कळवावे.

तो हवालदार होऊन परतला, डाव्या कानाने पूर्ण बहिरा आणि उजव्याने अर्धा. मी सेवानिवृत्त झालो. वडिलांच्या जागेवरच्या घराची वाटणी आम्ही सामोपचाराने केली. वाटणीपत्राचा मसुदा माझाच. त्यात 'मधली भिंत उभयतांच्या सामाईक मालकीची राहील' असे कलम आहे. हणमंताने न वाचता सही केली. "तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच असंल," म्हणाला. त्याची पत्नी पुढे काही वर्षांतच गेली. मुलगी अश्विनी सांगलीस नर्सिंग शिकली, तेथेच एका वर्गात जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि जर्मनीत वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात कामाला लागली. तिकडच्याच मुलाशी तिचे लग्न झाले. त्यांची मुलगी ईरा आज आठ वर्षांची आहे. तिला मराठी चार-सहा शब्दांपलीकडे येत नाही.

ईरा बोलू लागली तेव्हा हणमंत एके दिवशी दोनशे पानी कोरी वही घेऊन माझ्याकडे आला. "दादा, जर्मन न्हाई तर मला विंग्रजी तरी शिकवा. नात फोनवर बोलती, मी नुसता हासतो. तिला वाटत आसंल, म्हातारा खुळा हाय." माझे इंग्रजी न्यायनिर्णय वाचून आलेले आहे आणि त्याचा मला अभिमान होता. मी त्याला क्रियापदाच्या काळांचा तक्ता पाठ करायला दिला. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा घेतली. तिसऱ्या दिवशी, तक्ता चुकल्यावर, माझ्या पत्नीसमोर म्हणालो की तोफेच्या आवाजाने तुझा फक्त कान गेला असे मी समजत होतो. तो हसला. वही उचलली. चौथ्या दिवशी आला नाही. माझी पत्नी इंदू मला म्हणाली, "आवं, त्यो काय कोर्टात उभा ऱ्हाणार हाय व्हय? पोरीला जेवलीस का म्हणून इचारायचं हाय त्याला." मी तिला सांगितले की कोणतीही गोष्ट पायापासून शिकावी लागते.

त्याने आपला पाया स्वतः शोधला, आणि तो थेट जर्मनचा. परदेशातल्या कुठल्याशा इमारतीतल्या भांडखोर भाडेकरूंची एक जुनी विनोदी मालिका होती. तिचे हिंदी भाषांतर फौजेच्या कँटीनमध्ये लागे आणि ती त्याला जवळजवळ तोंडपाठ होती. अश्विनीने त्याला नवा टीव्ही घेऊन दिला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की तीच मालिका त्यावर जर्मन आवाजातही मिळते. पात्रे तीच, प्रसंग तेच, फक्त तोंडातली भाषा बदललेली. मग रोज सकाळी सहा ते पावणेसात तो समोर बसू लागला. त्याची पद्धत त्याने मला एकदा अंगणात सांगितली होती, मी ऐकण्याचे सौजन्य दाखवत नसतानाही. "कुठं हसू येतंय ते मला ठावं हाय, दादा. त्यातली माणसं हासली की मागं फिरायचं. हसण्याच्या आदी जो शबुद आला, त्योच खरा. त्यो धरायचा, वहीत लिवायचा. मग त्येच्या आदला. असं मागं मागं जायचं." हसणे हा त्याचा खुंटा होता. त्याला शब्द बांधून तो भाषेत शिरत होता. मी म्हणालो, ही शिकण्याची रीत नव्हे.

तर, ज्यावरून नोटिसा गेल्या तो आवाज. टीव्हीत प्रेक्षकांच्या हसण्याचा लोंढा येई आणि त्याच्या किंचित आधी हणमंताचे स्वतःचे हसणे येई, कारण काय होणार ते त्याला ठाऊक असे. सामाईक भिंतीतून हे दोन्ही माझ्याकडे येत. मी सहा वाजता वर्तमानपत्र घेऊन त्याच भिंतीला पाठ लावून बसतो. पंधरा दिवस मी सहन केले आणि मग त्याला नोटीस लिहिली. हाक मारली असती तर चार पावले होती, पण माझा कागदावर विश्वास. ती मी पोचपावतीसह रजिस्टरने पाठवली. आमच्या दारातून निघालेले ते पाकीट कराडला जाऊन तिसऱ्या दिवशी शेजारच्या दारात आले. पोस्टमन म्हणाला होता, "आण्णा, भिंतीवरनं टाकलं असतं तर माजी सायकल वाचली असती." हणमंत नोटीस हातात घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "आवं दादा, ह्ये काय? नुसतं म्हणाला असता तरी चाललं असतं की. पर आवाज कमी केला तर मला कायबी उमगत न्हाई. कानात घालायचं यंत्र लावून बगितलं, सांगलीच्या डॉक्टरनं दिल्यालं. त्यात नुसती शिट्टी वाजती." मी वर्तमानपत्र खाली केले नाही. म्हणालो, म्हणणे लेखी कळवावे. "बरं," म्हणाला, आणि गेला. त्याचे म्हणणे अर्थातच आले नाही. मी दुसरी नोटीस पाठवली, तिसरी पाठवली. चौथ्या नोटिशीत पोलीस ठाण्यात तक्रार देण्याचा इशारा होता आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा हवाला होता. चारही पोचपावत्यांवर त्याच्या सह्या आहेत.

चौथीनंतर आवाज बंद झाला. पूर्ण बंद. दहा महिने भिंतीतून काहीही आले नाही. तो टीव्ही लावत असे, ते खिडकीवर हलणाऱ्या उजेडावरून कळे, पण त्याने आवाज शून्यावर नेला होता. त्याचे स्वतःचे हसणेही थांबले. कायद्याने जायचे म्हटले की माणसे ताळ्यावर येतात, असे मी इंदूला म्हणालो. ती भाकरी थापत होती.

आता तो सोमवार आणि तो मंगळवार. इंदू तिच्या बहिणीकडे शिराळ्याला गेली होती. ती असती तर रोज सकाळी भाकरी घेऊन त्याच्या दारात गेली असती आणि मला पोस्टमनची गरज पडली नसती. सोमवारी सकाळी सहाला, दहा महिन्यांनी, भिंतीतून पुन्हा हसण्याचा लोंढा आला. मी वेळ टिपून ठेवली. मंगळवारी पुन्हा सुरू झाले, पण त्या दिवशी ते पावणेसातला थांबले नाही. सात वाजले, आठ वाजले. भागामागून भाग चालले होते, दर अर्ध्या मिनिटाला माणसे हसत होती. हा उघड उघड डिवचण्याचा प्रकार आहे अशी माझी खात्री झाली. मी टेबलाशी बसून पाचवी नोटीस लिहिली. तिच्यातले एक वाक्य मला पाठ आहे, कारण तिची स्थळप्रत, म्हणजे माझ्याकडे राहिलेली नक्कल, माझ्यासमोर आहे: 'आपण जाणूनबुजून, केवळ मला त्रास देण्याच्या हेतूने, सलग तीन तास अमर्याद आवाजात...' साडेनऊला पोस्टात गेलो. परत आलो तेव्हा भिंत शांत होती. नोटीस त्याला अजून मिळालेली नाही हे मला माहीत होते, तरीही मला विजय मिळाल्यासारखे वाटले. मी चहा करून घेतला. बुधवारचीही शांतता मी उपभोगली.

एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही. मंगळवारी सव्वासहानंतर भिंतीतून फक्त टीव्हीतल्या लोकांचे हसणे येत होते. हणमंताचे येत नव्हते. ते मी ऐकले होते. इतके बारकाईने ऐकत होतो की ते माझ्या ध्यानातही आले होते, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की आज तो हसतही नाही, म्हणजे नुसते मला छळायला लावले आहे.

अश्विनी ईराला घेऊन चौथ्या दिवशी पोहोचली. अग्नी तिच्यासाठी थांबवता आला नव्हता. दहाव्याचे विधी झाले, माणसे पांगली, आणि ती बापाच्या खोलीत वेताच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. पडद्यावर मी पाहिलेली ती ओळ मी कागदावर उतरवून ठेवली होती, पुरावा म्हणून. ती तिला दाखवली. "हे होय, तात्या," ती म्हणाली. "बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही, की मालिका आपोआप थांबते आणि विचारते, अजून पाहत आहात का?" म्हणजे मंगळवारी माझी नोटीस पोस्टाच्या खिडकीकडे निघाली होती तेव्हा तो टीव्ही त्याची चौकशी करत होता. घरात ती करणारे दुसरे कुणी नव्हते.

टीव्हीशेजारी शाळेची दगडी पाटी होती. "गेले दहा महिने बाबा हिच्यावर लिहून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचे," अश्विनी म्हणाली. "आधी बोलायचे चांगले, मोडकंतोडकं, पण बोलायचे. ईरा खिदळायची. मग एकदम थांबले. म्हणाले, टीव्हीचा आवाज बिघडलाय, आता उच्चार ऐकायला मिळत नाहीत, चुकीचं बोलण्यापेक्षा बघून लिहिलेलं बरं. मी म्हटलं, माणूस बोलावून दुरुस्त करून घ्या. तर म्हणाले, करीन, करीन. आता सुट्टीत आम्ही येणार म्हणून ईरानं त्यांना बजावलं होतं, आजोबा, या वेळी पाटी चालणार नाही, तोंडानं बोलायचं. त्यावर म्हणाले, सोमवारपासून दुरुस्त करून घेतो." तिने रिमोट उचलला. "पण तात्या, टीव्ही तर चांगला आहे. मी लावून बघितला. त्यांनी आवाज का बंद केला होता? तुम्हाला काही बोलले होते का?"

मी म्हणालो, "नाही."

पाटीवर खडूने दोन ओळी होत्या, सरावाच्या. ईराने त्या मोठ्याने वाचल्या आणि अश्विनीने मला अर्थ सांगितला. प्रवास कसा झाला? भूक लागली का?

त्या 'नाही'वर मी आठवडा काढला. नंतर अश्विनीने निवृत्तिवेतन कार्यालयाला मृत्यू कळवण्यासाठी बापाच्या नोकरीचे कागद मागितले. ते माझ्याकडेच होते, कारण त्याचे सर्व अर्ज मीच लिहीत असे. फाइल उघडली आणि सर्वांत वर, वीस वर्षांपूर्वीचा, त्याच्या श्रवणदोषाच्या दाव्याचा मसुदा निघाला. माझ्या टंकलेखन यंत्रावरचा. 'अर्जदारास तोफेच्या सान्निध्यातील सेवेमुळे डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही व उजव्या कानाने अतिशय मोठ्या आवाजाखेरीज काही उमगत नाही.' 'उमगत' हा शब्द हणमंताचा आहे. तो मी त्याच्या तोंडून उचलून, दुरुस्त न करता, तसाच ठेवला होता. एकदाच. तो दावा मंजूर झाला तेव्हा मी आठवडाभर गावात सांगत फिरलो होतो की मसुदा असा असावा. त्या मसुद्याशेजारी मी पाचव्या नोटिशीची स्थळप्रत ठेवली. 'जाणूनबुजून, केवळ मला त्रास देण्याच्या हेतूने.' एकाच व्यक्तीविषयी, एकाच बाबतीत, एकाच हाताने लिहिलेली दोन परस्परविरोधी कथने. अशा साक्षीदाराचे काय करतात ते मी पस्तीस वर्षे पाहिले आहे. मला माहीत नव्हते, हा बचावही मला नाही. माझ्या फाइलीत, माझ्या टंकलेखनात, ते माहीत होते.

अश्विनी परत गेली. जाताना तिने बापाच्या घराची किल्ली माझ्या हाती दिली आणि माझ्या पाया पडली. मी तेव्हाही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी जे आयुष्यभर इतरांबाबत करत आलो ते केले. जागेची पाहणी केली. हणमंताचा टीव्ही लावला, मालिका लावली, आवाज सोमवारच्या आकड्यावर होता तो तसाच ठेवला, आणि माझ्या घरात येऊन माझ्या जागी, भिंतीला पाठ लावून बसलो. आवाज येतो, हे खरे आहे. पण आमच्या घरासमोरून हायवेचे ट्रक दिवसरात्र जातात, इंदूचा कुकर वाजतो, आणि या सगळ्यांतून ते हसणे वेगळे काढायचे तर कान द्यावा लागतो. मी तो रोज दिला होता. मला आवाजाचा त्रास नव्हता. ज्याला मी शिकवू शकलो नाही तो माझ्यावाचून शिकत होता, आणि हसत होता.

म्हणून हा लेख. पुरवणीकडे पाठवण्यापूर्वी याची एक प्रत मी अश्विनीला पाठवली आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते लेखी कळवले आहे. ती ईराला हे कसे समजावून सांगेल, सांगेल की नाही, मला माफ करेल की नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

सकाळी सहाला मी किल्ली घेऊन पलीकडे जातो. वेताच्या खुर्चीत बसत नाही, शेजारी पाट घेऊन बसतो. हणमंताची वही उघडतो. त्याचे किरटे अक्षर आहे, जर्मन शब्द देवनागरीत, प्रत्येकासमोर त्याच्या बोलीतला अर्थ. माझ्या खिशाला एरवी लाल पेन असते. ते मी आता घरी ठेवून येतो. टीव्हीतली माणसे बोलतात, मला काही उमगत नाही, मग ती हसतात आणि मी मागे फिरून हसण्याच्या आधीचा शब्द धरायला बघतो. बहुतेक वेळा निसटतो. पलीकडून इंदू भिंतीवर दोनदा मूठ आपटते, "आवं, चहा गार झाला," आणि मी जात नाही. भागामागून भाग संपत जातात. शेवटी चित्र थिजते, आवाज थांबतो आणि पडद्यावर ती ओळ येते. आता ती मला वाचता येते. मी रिमोट उचलतो आणि होकाराचे बटण दाबतो.